कोऱ्या पावत्या

मी घरी बसून मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यावर माझं पोट चालतं. साधा स्वल्पविरामही माझ्या नजरेतून सुटत नाही, आणि हीच मी चार वर्षं भाऊजींच्या छापखान्यात माझ्या मोबदल्याच्या कोऱ्या पावत्यांवर सह्या करत आले. टेबलावर पैशांचं पाकीट, शेजारी पावती, आकड्याची जागा रिकामी. "कर गं सही, आकडा कारकून भरेल. घरचंच तर आहे," असं भाऊजी म्हणायचे. घरचं म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं.

आजवर माझं उत्पन्न कर लागण्याइतकं नव्हतंच. यंदा बाहेरची दोन मोठी कामं मिळाली, म्हणून चष्मा पुसून प्राप्तिकराचं विवरणपत्र भरायला बसले. करखात्याच्या संकेतस्थळावर माझ्या नावापुढे एक आकडा आधीच येऊन बसला होता: छापखान्याकडून मिळालेले सहा लाख. मला मिळाले होते दोन. मागची तीन वर्षंही उघडून पाहिली. तिथेही फुगवलेलेच आकडे, पण करमर्यादेच्या जेमतेम खाली. यंदा मात्र हाव सुटली होती.

न पाहिलेल्या चार लाखांवर कर भरायचा, तर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बाजूला काढलेले पैसे जाणार होते. डोळा गेला की माझा धंदा बसला. मी फोन लावला.

"भाऊजी, आकडा चुकलाय."

"पावतीवर सही कुणाची आहे?"

"माझी, पण..."

"मग चूक कुणाची?" ते मनापासून हसले. "जगाच्या चुका काढतेस आणि न वाचता सही करतेस? कमाल आहे बाई तुझी!"

पैशांचं एक वेळ सोडून दिलं असतं. ते हसणं नाही. त्या दिवसापासून भाऊजी माझ्यालेखी 'तो' झाला, आणि त्याला त्याच्याच शाईत बुडवायचं हे मी ठरवून टाकलं.

पण पुरावा कुठे होता? पावत्या त्याच्याकडे, सह्या माझ्या. माझ्याकडे होती फक्त रिकामी पाकिटं. सवयीने प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख आणि रक्कम लिहून ठेवलेली. ती पिशवीत भरून मी ताईकडे गेले. दोन वर्षं ताई माझ्याशी धड बोलत नव्हती. का, ते मला कळलं नव्हतं.

तिने दार अर्धंच उघडलं. "आता आणखी किती हवेत?"

"काय किती?"

"पैसे! घरात काही मागितलं की हे म्हणतात, तुझ्या बहिणीलाच पोसतोय. तुझ्यापायी मी दोन वर्षं दाढदुखी काढतेय."

मी पाकिटं तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओतली. ताईने एकेक उचलून बेरीज केली. पुन्हा केली. मग माझ्या मोबाइलवरचे सहा लाख पाहिले. तिला रडू येईल असं मला वाटलं होतं. तिने पदराने टेबल पुसलं.

"छापखाना कुणाच्या नावावर आहे, ठाऊक आहे तुला?"

"त्याच्या."

"माझ्या. कर वाचावा म्हणून त्यांनीच केला. दरवर्षी माझ्या मोबाइलवर कोड येतो, हे आतून ओरडतात, मी वाचून दाखवते. कशाचा कोड, ते कधी विचारलं नाही."

मला एवढा आनंद झाला की लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. तो छापखान्यात असताना आम्ही त्याचा संगणक उघडला. करखात्याच्या संकेतस्थळावर ताईच्या नावाने पासवर्ड विसरल्याचं कळवलं, कोड आज्ञाधारकपणे ताईच्या मोबाइलवर आला, आणि आम्ही नवा पासवर्ड घातला. दुरुस्तीच्या अर्जात मालकीणबाईंनी खरं ते लिहिलं: बहिणीला दिले दोन लाख, उरलेले चार नवऱ्याने स्वतः उचलले. त्याच्या स्वतःच्या विवरणपत्राची प्रत त्याच संगणकावर होती; त्यात त्याने उत्पन्न शून्य दाखवलं होतं. आता करखातं जाब त्यालाच विचारणार होतं. मी अर्ज दोनदा तपासला. तपासणीचे पैसे घेतले नाहीत.

पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम ताईकडे जाऊन बसले. तो आतल्या खोलीत संगणकाशी झटत होता.

"अगं, हे उघडत का नाही? कोड आला का?"

"आला होता," ताई म्हणाली. "गेल्या सोमवारी."

तो बाहेर आला. ताईला पाहिलं, मला पाहिलं, टेबलावरची दुरुस्तीच्या अर्जाची छापील प्रत पाहिली. सवयीने त्याचा हात खिशातल्या पेनाकडे गेला.

"सही नकोय," ताई म्हणाली. "वाचा फक्त. आकडा आम्ही भरलाय. घरचंच तर आहे."