गाडी तापलेली नाही

"काय म्हणतेय ती, बाइके?" मागच्या सीटवरून मेदेरने विचारलं. मालक असला तरी तो आपल्या ड्रायव्हरला 'बाइके', म्हणजे थोरला भाऊ, म्हणे.

"तापलेय म्हणते. खोटं बोलते मेली," तोक्तोसुन म्हणाला.

डोलोन घाटाच्या चढावर मालकाची ती काळी, टर्बोवाली, राजेशाही गाडी लंगड्या गाढवासारखी चालली होती. धुराच्या नळीतली उष्णता मोजणारा सेन्सर बिघडला होता. बाहेर सगळीकडे बर्फ, पण आत दिवा लाल, आणि आग लागल्याच्या भीतीने गाडी आपला जोर आपणच आवरत होती. कोळशाचे ट्रकसुद्धा भोंगे वाजवत पुढे जात होते.

उपाय एकच होता. थांबायचं, इंजिन बंद करून पुन्हा चालू करायचं. मग दोनचार वळणं गाडी शहाण्यासारखी वागे. पण तोक्तोसुनला थांबायचीच धास्ती होती. चालत्या गाडीत मेदेर फोनला हात लावत नसे, पण थांबलं की घरी फोन लावणार.

पहाटे मेदेरच्या काकांनी तोक्तोसुनला फोन केला होता. "आमचा थोरला भाऊ गेला रे. पोराला वाटेत बोलू नकोस, आजारी आहेत म्हण. सांगायचं ते गावातले जाणते सांगतील. दुपारच्या नमाजाआधी आण, बापाला माती तरी देऊ दे."

रीतच आहे ती. अशी बातमी माणसाला एकटं गाठून, रस्त्यात ऐकवत नाहीत. पण ती पोटात ठेवून चाक धरणाऱ्याचं काय, हे रीत सांगत नाही. गेलेल्या त्या म्हाताऱ्यानेच पोरक्या तोक्तोसुनला ट्रॅक्टरवर बसवून गाडी शिकवली होती, आणि पुढे आपल्या मुलाकडे, मेदेरकडे कामाला लावलं होतं. डोळे भरून आले की तो उगाच आरसा पुसत होता.

तिसऱ्यांदा थांबले तेव्हा मेदेरने फोन काढला. तोक्तोसुन पुन्हा आरसा पुसायला लागला. मेदेरने फोनकडे नुसतं बघितलं आणि परत खिशात टाकला.

"बाबांना बरं वाटतंय ना, बाइके?"

"हो... म्हणजे, थोडी कणकण आहे."

"हं. चला मग."

घाट उतरल्यावर मात्र सपाटीवर, लाल दिव्यासकट, गाडी सुटली. गावाच्या वळणावर मेदेर म्हणाला, "इथेच थांबवा."

इथून घराचं अंगण दिसत होतं. त्यात जाड लोकरीच्या नमद्याचा पांढरा तंबू उभा होता. मयताच्या घरी उभारतात तो. दाराशी काठ्यांवर वाकून पुरुष उभे होते.

तोक्तोसुन कसाबसा म्हणाला, "मेदेर, मी..."

मेदेरने पिशवीतून कमरेला बांधायचा शेला काढला. बाप गेल्यावर मुलगा बांधतो तोच. सकाळी घरूनच घडी घालून आणलेला.

"तुम्ही आज सकाळी माझ्यासाठी गाडीचं दार उघडलंत, बाइके. इतक्या वर्षांत कधी उघडलं नाहीत. मला तिथेच कळलं. हा शेला घ्यायलाच मी पुन्हा घरात गेलो होतो."

"मग बोलला का नाहीस रे?"

"तुम्हाला सांगू नका म्हटलं असेल. तुमचा शब्द कशाला मोडायला लावू?"

शेल्याची गाठ त्याच्या हातून दोनदा सुटली. तोक्तोसुनने पुढे होऊन गाठ मारून दिली. मग मेदेर अंगणाकडे धावत सुटला, "बाबा हो! माझे बाबा!" असा टाहो फोडत, पोराने धावावं तसाच.

तोक्तोसुनने इंजिन बंद केलं. लाल दिवा विझला. कमरेला बांधायला त्याच्याकडे काही नव्हतं. त्याने गळ्यातला मफलर काढून कमरेला गुंडाळला, आणि तोही मागोमाग धावला, "बाबा हो!" म्हणत.

दारातल्या माणसांनी त्यालाही कवेत घेतलं.