आठ चोपन्ननंतरचा रेडिओ

मित्रांनो, मी एक जुना खिशातला रेडिओ आहे. उंची वीतभरही नाही, अंगावर चामड्याचं फाटकं कव्हर, आणि आवाजाचं चाक फिरवलं की खरखर. जपानमधल्या ओकायामा शहरात, एका टोफूच्या दुकानात, सोयाबीनच्या मापाशेजारच्या फळीवर माझी जागा आहे. कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. बायकांचे थंडगार हात आणि तापलेल्या कथलाचा वास, एवढंच.

माझं खरं आयुष्य रात्री आठ वाजून चोपन्न मिनिटांनी सुरू व्हायचं. सांगतो कसं ते.

त्या काळी संध्याकाळी सात वाजले की टीव्हीवर बेसबॉलचा सामना लागायचा. मग घरातलं जेवण टीव्हीसमोर आणि भांडणंही टीव्हीसमोर. काय त्याचा मान! त्याच्या डोक्यावर विणलेला रुमाल, आणि मी फळीवर धूळ खात पडलेला. पण बरोबर आठ चोपन्नला पडद्यावर पाटी यायची: वेळ संपली, क्षमस्व. खेळ कुठेही असो, लगेच शाम्पूची जाहिरात सुरू! तिकडे मैदानात सामना चालूच असायचा. मग आमचे मालक तोकुजी ओरडायचे, "अगं, रेडिओ आण, रेडिओ!" अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात ना, ते गाढव मी. पण पुढचं सगळं घराला मीच सांगायचो, आणि मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

या घरचा एकुलता एक मुलगा, कात्सुमी, मोठ्या संघात पिचर होता. म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा. पण पहिल्या फळीतला नव्हे. पहिला पिचर दमला की शेवटच्या डावात त्याला पाठवायचे. आणि शेवटचा डाव यायचा नेमका आठ चोपन्ननंतर. त्यामुळे सहा वर्षं तो खेळत होता, पण त्याच्या आईनं, फुमिएबाईंनी, त्याला टीव्हीवर एकदाही बघितलं नव्हतं. तो यायचा तो फक्त माझ्यातून.

समोरचे न्हावी इवासे थट्टा करायचे. "वहिनी, मुलगा आहे की भूत? नाव ऐकू येतं, तोंड काही दिसत नाही."

"तुमच्या हातून दाढी करून घेणाऱ्यांपेक्षा बरं आहे त्याचं तोंड," बाई म्हणायच्या.

हसायच्या, पण आतून त्यांना लागायचं. दोन वर्षं कात्सुमी नवीन वर्षालाही घरी आला नव्हता. नाव काढल्याशिवाय येणार नाही, असं त्यानं कळवलं होतं. टोफूचं दुकान पहाटे तीनला सुरू होतं, ते बंद ठेवून टोकियोला कोण जाणार? बाईंना एकच हवं होतं, एकदा त्याचा चेहरा बघायचा. त्या मला कानाला घट्ट लावून बसायच्या. मालक म्हणायचे, "अगं, कान दाबून तो लवकर येणार आहे का?"

मित्रांनो, एक पाप कबूल करतो. सामना लांबावा असं मला रोज वाटायचं. कात्सुमी टीव्हीवर दिसला असता तर मला कोणी विचारलं असतं?

आणि एका ऑगस्टमध्ये तो दिवस आलाच. दोन्ही संघांचे पिचर असे रंगात होते की फलंदाज पटापट बाद झाले आणि सामना भराभर पुढे सरकला. साडेआठलाच शेवटचा डाव! मालक उठले. टीव्हीवरचा मुलाचा फोटो काढायचा म्हणून त्यांनी कॅमेरा बाहेर काढला, तर फ्लॅशचे सेल संपलेले. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि माझी पाठ उघडली.

"याचं आज काय काम?" ते म्हणाले. "आज सगळं टीव्हीवरच दिसणार."

माझा आवाज गेला. कान मात्र शाबूत राहिले.

आठ बेचाळीसला कात्सुमी मैदानात आला. गल्लीतली पंधरा-वीस माणसं दुकानात दाटली होती. मालकांनी फ्लॅश मारला. बाई मला हातात धरून उभ्या होत्या, सवयीनं. संघ एका धावेनं पुढे होता. दोन गडी बाद झाले, पण तिन्ही बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या टप्प्यांवर, समोरच्यांची माणसं उभी. एक चेंडू चांगला गेला की जिंकले, एक फटका बसला की हरले. कात्सुमीनं टोपी सारखी केली, हात वर नेला, आणि पाटी आली. वेळ संपली, क्षमस्व.

"रेडिओ!" सगळे एकदम ओरडले.

बाईंनी माझं चाक फिरवलं. मी जीव तोडून प्रयत्न केला, पण पोटात काही नसताना कोण बोलणार? इवासे धावत आपल्या घरी गेले आणि खिडकीत त्यांचा रेडिओ मोठ्यानं लागला. बाई तशाच गल्लीत आल्या, मुक्या मला कानाला लावून. निवेदकाचा आवाज चढला, मग प्रेक्षकांचा, आणि तो आपल्या प्रेक्षकांचा नव्हता. फटका बसला होता. इवासेंनी हळूच रेडिओ बंद केला.

बाईंनी मला कानावरून खाली घेतलं. मग म्हणाल्या, "बारीक झालाय हो. गाल बसलेत. जेवतो की नाही कोण जाणे."

मग त्यांनी मला हलवलं, उघडलं. "अहो, याचे सेल कुठे गेले?"

मालकांनी हातातला कॅमेरा पाठीमागे घेतला.

"सहा वर्षं ज्यानं मुलगा ऐकवला, त्याच्याच पोटावर पाय दिलात?"

त्या दिवसापासून दर महिन्याच्या एक तारखेला मालक मला नवे सेल घालायचे. फोटो धुऊन आला तेव्हा काळ्या पडद्यावर फक्त फ्लॅशचा पांढरा डाग होता. बाईंनी तोच भिंतीला लावला. गिऱ्हाइकांना सांगतात, हा माझा मुलगा.

कात्सुमीला पुन्हा मोठी संधी मिळाली नाही. दोन वर्षांनी तो घरी आला आणि वडिलांच्या हाताखाली टोफू करू लागला. आता मालक नाहीत. एक तारखेचे सेल तोच घालतो. संध्याकाळचे सामनेही टीव्हीवरून गेले, त्या वेळेला आता पडद्यावर लोक नुसते खातात आणि हसतात. बाई शहाऐंशीच्या आहेत. आठ चोपन्नला त्या टीव्ही बंद करतात आणि मला जवळ घेतात.

परवा कात्सुमीनं इतक्या वर्षांनी विचारलं, "आई, त्या रात्रीचा शेवटचा चेंडू तू बघितला होतास?"

"नाही रे. तुझा हात वर गेला आणि शाम्पू आला," बाई म्हणाल्या. "पुढचं लोकांच्या रेडिओवर ऐकलं. माझ्या डोळ्यांना विचारशील तर तो चेंडू अजून तुझ्याच हातात आहे."

कात्सुमी उठला. मग त्यानं मला खाली घेतलं, पाठ उघडली आणि नवे सेल घातले. एक तारखेला अजून नऊ दिवस होते.

तेव्हा मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूला, जुन्या माणसाला, आज याचं काय काम असं म्हणू नका. आठ चोपन्न सगळ्यांच्याच घरी वाजतात.