आधी आमे

नांदारने बोट आत घातलं आणि सासूबाईंच्या डाव्या गालात साठलेली पेज बाहेर ओढली. सकाळपासून हे तिसऱ्यांदा. घास आत गेला की जीभ त्याला कोपऱ्यात सारायची आणि ओठ गच्च मिटायचे. बोट निघता निघता दात लागले. नांदारने हात झटकला. ओठांवर आलेली शिवी तिने गिळली ती केवळ झोळीत निजलेल्या लेकीसाठी.

"चावली ना? म्हणजे भूक आहे तिला," दारातून मा चो म्हणाली.

मा चो ही थोरली नणंद. वर्षातून दोनदा यांगोनहून यायची, दूध पावडरचे डबे घेऊन. आणि आल्या आल्या आईचं मनगट चिमटीत धरून बघायची, बाजारात कोंबडी पारखावी तसं.

"आमे किती वाळलीय गं! दिवसभर करतेस तरी काय तू?"

"नाचते," नांदार म्हणाली.

"तोंड चालतंय तुझं. तिचंही चालव की जरा. इस्पितळात न्यायला उद्या सकाळची गाडी सांगितलीय मी. नाकातून नळी घातली की सुटलो. ज़ेयाशी बोललेय."

नांदारचा नवरा ज़ेया जहाजावर होता. तिथून तो सगळ्यांनाच हो म्हणायचा.

"नळी त्या उपसून काढतील. मग खाटेला हात बांधतात. मागच्या खेपेला शेजारच्या खाटेवरच्या बाईचे बघितलेत मी. मनगटं सोलून निघाली होती."

"मग काय, उपाशी मारायची?"

नांदारने पेजेने माखलेलं फडकं पाण्यात बुचकळलं. फडकं पिळताना तिची बोटं पांढरी पडली. तेवढ्यात मा चोने दुधाचा पेला उचलला, आईची हनुवटी वर केली आणि मान मागे कलवून ओतायला लागली.

"मान मागे नाही!"

पेला हिसकावला तोवर उशीर झाला होता. सासूबाईंना ठसका लागला, डोळे पाणावले, गालांवरच्या चंदनासारख्या थनाखाच्या लेपावरून दूध ओघळलं. नांदारने त्यांना पुढे वाकवून धरलं. श्वास जागेवर यायला बराच वेळ लागला.

"फुप्फुसात जातं ते. किती वेळा सांगायचं, ताई? दोन दिवसांसाठी येता आणि..."

"माझी आई आहे ती."

"असू दे. नका भरवू कुणी. मीही नाही भरवत."

तिने बुटकं गोल टेबल धाडकन खुर्चीपाशी ओढलं. सासूबाईंची वाटी त्यांच्यापुढे आपटली, पातेल्यातली उरलेली पेज आपल्या ताटात घेतली आणि चटईवर बसली. सकाळपासून तिच्याही पोटात काही नव्हतं. कपाळावर आठ्या तशाच होत्या. पहिला घास ती उचलणार, एवढ्यात समोरचा हात हलला.

दोन महिन्यांत चमचा न धरलेला तो हात. थरथरत त्याने चमचा उचलला, वाटीतली वरची पेज घेतली आणि टेबलावरून पलीकडे नेली. अर्धी वाटेत सांडली. उरलेली नांदारच्या ताटाच्या काठावर पडली.

"आमे, तुम्ही आधी."

घरादाराची, शेजारपाजाऱ्यांचीसुद्धा आमे, म्हणजे आई, होती ती. आधी थोरल्यांच्या ताटात घास, मग आपला, ही रीत दुडदुडणाऱ्या पोरालाही ठाऊक. पण हिने जिला आमे म्हणावं असं या घरात चाळीस वर्षांत कुणी उरलं नव्हतं.

"या वेळी करपली नाही," म्हातारी पुटपुटली. पाय खुर्चीखाली ओढून घेतले, खांदे पाडले. नजर नांदारच्या कपाळावर.

मा चो हसायला लागली आणि मध्येच थांबली.

"आजी. तुला आजी, तिची सासू समजतेय ती." मग जरा वेळाने, खालच्या आवाजात, "आजी पातेलं फेकून मारायची."

नांदारने कपाळ सैल करून पाहिलं. जमेना. तिने ताटाच्या काठावरचा घास खाल्ला. गार झाला होता.

"चांगली झालीय," ती म्हणाली. "आता तू जेव."

सासूला तिने पहिल्यांदाच अगंतुगं केलं होतं. मिटलेले ओठ उघडले. नांदारने हनुवटी खालीच राहू दिली, खालच्या ओठाला चमचा टेकवला आणि गळ्याकडे बघत राहिली. गळा वर गेला, खाली आला. गाल रिकामा होता.

पुढच्या घासाला पुन्हा तेच. एक नांदारच्या ताटात, मग एक म्हातारीच्या तोंडात. मध्ये एकदा नांदारने आवाज मऊ केला. "तू खा गं, माझं झालं." ओठ मिटले. म्हातारी गोंधळून बघत राहिली.

"जेव म्हणते ना!"

ओठ लगेच उघडले. नांदारच्या कानाच्या पाळ्या तापल्या. वाटी अर्ध्यावर आली, मग तळाशी.

मा चो कधी चटईवर येऊन बसली ते तिला कळलंच नाही. बसून तिने नेसलेल्या लुंजीचं टोक उगाच नीट केलं.

"गाडीचं... बघू सकाळी," ती म्हणाली. मग चमच्यासाठी हात पुढे केला. "आमे, शेवटचे दोन घास मी भरवू?"

म्हातारीने लेकीकडे पाहिलंच नाही. तिने नांदारकडे पाहिलं, परवानगी मागावी तसं.

नांदारने लगेच मान हलवली नाही.