आटलेली पँट

मित्रांनो, मी एक जुनी सलूनची खुर्ची आहे. लोखंडी पाय, लाल रेक्झिनची गादी आणि वर-खाली होणारी डोक्याची उशी. मी स्वभावाने संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. गिऱ्हाईक बसता बसता माझं कौतुक करू लागलं, की मला वाटतं, हा नक्की रांग मोडून आला आहे.

कारखान्यातून मी इथे आले, तेव्हा माझ्या मालकाला स्वतःलाच नुकती मिशी फुटली होती. हात मात्र हलका. मानेला गार पाणी लागलं की माणसं डोळे मिटतात आणि घरातलं सगळं सांगत सुटतात. मी ऐकत असे. मालकही ऐकत असे.

गावात एक साप्ताहिक निघतं. त्यात मालक हौसेने सदर लिहू लागला. आपलं नाव छापायचं नाही, अशी त्याची अट होती. दुपारी दुकान रिकामं असलं, की तो माझ्यावरच बसून, मांडीवर पुठ्ठा घेऊन लिहीत असे. पुढे बाकड्यावरची गिऱ्हाइकं तेच सदर मोठ्याने वाचून हसत आणि हा मुकाट्याने कात्री चालवी. मला त्याचा अभिमान वाटे, पण धाकधूकही वाटे.

एकदा त्याने लिहिलं, की एक गृहस्थ दर वर्षी पँटची कंबर सैल करून घेतात आणि घरी सांगतात, "कापडच आटलं." बाकड्यावरचे सगळे पोट धरून हसले. औषधांचा दुकानदार तेवढा हसला नाही.

"ही गोष्ट मला आणि टेलरमामाला सोडून कुणालाच माहीत नाही," तो म्हणाला. "म्हणजे हे सगळं मामाच लिहितो."

मित्रांनो, ही गोष्ट या दुकानदाराने स्वतःच माझ्यावर बसून सांगितली होती, तोंडाला साबण असताना. साबण पुसला तशी तीही डोक्यातून पुसली गेली असावी.

झालं. शेजारच्या टेलरमामाकडे माप द्यायला कुणी जाईना. तो दिसला की लोकांचं बोलणं थांबे. मालक हे रोज बघत होता आणि गप्प होता. खरं सांगितलं तर आपलंही दुकान ओस पडेल, ही त्याला भीती. आता मला मालकाचाच संशय येऊ लागला. हा मामाला असाच बुडू देणार की काय?

एका दुपारी मामा दाढीला आला. एक गाल झाल्यावर मान मागे टाकून म्हणाला, "तुझ्याकडे सगळे येतात. कोण लिहितं ते शोधून दे रे. शिलाई मशीन विकायची वेळ आलीय माझ्यावर."

मालकाने गळ्याशी आलेला वस्तरा बाजूला ठेवला.

"मामा, मीच लिहितो."

मामा अर्ध्या दाढीनिशी उठला आणि निघून गेला.

पुढच्या अंकात सदराखाली मालकाचं नाव छापून आलं. पँटची गोष्ट आपल्याच दुकानात ऐकली, मामाचा त्यात काडीचा संबंध नाही, असं त्याने स्पष्ट लिहिलं होतं. मामाकडे लोक पुन्हा माप द्यायला जाऊ लागले. आमच्याकडे कुणी फिरकेना. चुकून कुणी आलाच, तर ओठ घट्ट मिटून बसे. माझ्या गादीवर धूळ साचली, उशी फाटून आतला कापूस बाहेर आला. मला फार वाईट वाटे.

मग एक दिवस मामा दारात उभा राहिला. हातात मोठी कात्री होती. मी मनात म्हटलं, मालकाचा राग आता माझ्यावर निघणार. त्याने माझी फाटकी उशी काढली, जुनं रेक्झिन कापून टाकलं आणि बाकड्यावर बसून नवं कापड शिवलं. उशी बसवून मामा माझ्यावर टेकला, मान मागे टाकली आणि डोळे मिटले.

"राहिलेली अर्धी दाढी कर आता," तो म्हणाला.

मित्रांनो, माझा स्वभाव काही बदललेला नाही. मामाचे टाके मी अजून अधूनमधून तपासते, पक्के आहेत. तुम्ही माझ्यावर बसाल तेव्हा ती उशी जपा. आणि तोंडाला साबण असताना जे बोलाल, ते आपणच बोललो होतो, एवढं लक्षात ठेवा.