नर्सबाईंची विलायती गाडी

मी एक जुनी विलायती मोटारसायकल आहे. मित्रांनो, लांबूनच ऐका. टाकीवर हात फिरवू नका आणि ‘काय चकचकीत ठेवलीय!’ असं तर मुळीच म्हणू नका. त्या कौतुकाने माझं डोकं फिरतं.

समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. टाकीवरची सोनेरी रेघ एका कारागिराने श्वास रोखून ओढली. पुढे एका दवाखान्याने मला लिलावात काढलं आणि तिथल्याच नर्सबाईंनी मला विकत घेतलं. मागे लशींची पेटी बांधून त्यांनी मला बावीस वर्षं दामटलं. चिखल, खडी, ओढे, काही सोडलं नाही. कधी यजमान सोबत असले, तर ते मागे डोळे गच्च मिटून बसायचे. मी तेल गाळायची, बाई मला शिव्या घालायच्या आणि बाह्या सरसावून स्वतःच दुरुस्त करायच्या. ते दिवस सुखाचे होते, हे मी कबूल करते.

मग बाई निवृत्त झाल्या आणि मी त्यांच्या चिरंजीवांच्या तावडीत सापडले. त्यांनी माझ्या पोटातलं तेल-पेट्रोल काढून मला दिवाणखान्यात गालिच्यावर उभं केलं. पंधरा वर्षं! रोज मऊ फडकं. पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या बाबांची गाडी." बाई चहाचा ट्रे घेऊन ते ऐकायच्या. त्यांना सीटवर बसायचीही बंदी होती. "आई, कातडं फाटेल!" चिरंजीवांना माझ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मला त्यांचा मनापासून तिटकारा होता.

गेल्या महिन्यात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. पहिला नंबर आला की एक हॉटेलवाला मला विकत घेऊन भिंतीवर टांगणार होता. चिरंजीवांनी बाईंना न विचारताच होकार दिला आणि मेकॅनिककडून मला तयार करून आणलं. पहिल्या नंबरासाठी आता अट एकच उरली होती: परीक्षकांसमोर गाडी सुरू झाली पाहिजे.

माझ्या हँडलवर ठिणगीची वेळ बदलणारी छोटी दांडी आहे. ती मागे न घेता किक मारली, तर इंजिन उलटा झटका देतं. मेकॅनिकने हे सांगितलं होतं, चिरंजीव विसरले.

"अरे, आधी ती दांडी मागे घे," बाई खुर्चीतून म्हणाल्या.

"आई, तू गप्प बस गं. तुला काय कळतंय यातलं?"

एवढं ऐकल्यावर मी दयामाया ठेवली नाही. किक उलटी आली आणि त्यांच्या घोट्यावर बसली. चिरंजीव एका पायावर नाचू लागले. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

बाई उठल्या. चौऱ्याहत्तरावं वर्ष, गुडघ्याला पट्टा. त्यांनी दांडी मागे घेतली आणि एकच किक मारली. मी धडधडू लागले. सुरू झाले म्हणजे पहिला नंबर, आणि पहिला नंबर म्हणजे भिंत, हे मला ठाऊक होतं. पण बाईंना नाही म्हणणं जमलं नाही.

टाळ्या पडल्या. हॉटेलवाला हसत पुढे आला. "उतरा आता, बाई. गाडी आमची झाली."

"कागद माझ्या नावावर आहेत. बाजूला व्हा, नाहीतर पाय चिरडेल."

"आई, टायर मळतील!" चिरंजीव ओरडले.

बाईंनी गिअर टाकला.

मित्रांनो, आता मी धुळीने माखलेली असते आणि पुन्हा तेल गाळते. तुमच्या घरात आईची एखादी वस्तू शोभेला मांडली असेल, तर ते फडकं खाली ठेवा आणि वस्तू तिच्या हातात द्या. मग ती वापरू लागली, की मध्ये येऊ नका.