चार गिअर मागे, एक पुढे

वडिलांनी दोन्ही मुलांना कधी मांडीवर घेतल्याचं कुणाला आठवत नाही; गाडीला मात्र ते रोज अंघोळ घालत. ते गेले आणि पाठोपाठ गाडीच्या इंजिनानेही मान टाकली. मागे इंजिन असलेल्या त्या जुन्या गाडीचे भाग कुठेच मिळेनात. तेव्हा धाकट्याने, म्हणजे सगळी गल्ली ज्याला खटपट्या म्हणे त्याने, दुसऱ्याच गाडीचं इंजिन तिला बसवायचं ठरवलं.

"या दोघांचं जमायचं नाही," बायको म्हणाली.

"आपलं जमलंच की."

"कुठे जमलंय?"

खरंच जमेना. इंजिनाची भोकं एकीकडे, गिअरबॉक्सची भलतीकडे. मग त्याने मधे बसवायला अॅल्युमिनियमची जाड प्लेट कापली, दोन्हीकडची भोकं तिच्यात पाडली. तीन प्लेटी वाया गेल्या, स्वयंपाकघरातल्या टेबलालाही दोन भोकं पडली. बायकोने अबोला धरला, तो त्याच्या लक्षातच आला नाही. चौथी प्लेट मात्र अशी बसली की फटीत केस जाईना.

त्याच दिवशी दादा आला. त्याला गॅरेज रिकामं हवं होतं. येताना भंगारवाला आणि त्याचा ट्रकही घेऊन आला होता.

"कोपऱ्यापर्यंत जाऊन परत ये, तिच्याच इंजिनावर. आलास तर राहू दे. नाहीतर आज उचलणार."

दोघा भावांत वर्षभरात झालेलं हे सर्वांत लांबलचक बोलणं.

बाबांशी खटपट्याच्या ज्या काही गप्पा झाल्या, त्या या गाडीखाली उताणं पडूनच. ती गेली तर बाबांचं काय उरणार? छत्री?

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. त्याने पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि गाडी सरळ मागे जाऊन रंगाच्या डब्यांवर आदळली. दुसरा टाकला, तरी मागेच. रिव्हर्स टाकला तेव्हा कुठे बाईसाहेब पुढे सरकल्या.

खटपट्याने कपाळावर हात मारला. नवं इंजिन उलटं फिरणारं होतं. पठ्ठ्याने सगळं मोजलं, पण ते फिरतं कुठल्या बाजूला हे बघितलंच नाही!

भंगारवाला ट्रकची साखळी सोडू लागला.

"दादा," गाडी गल्लीत आणून खटपट्या म्हणाला, "तोंड कुठे करून जायचं, ते तू बोलला नव्हतास."

"मागची काच बघ केवढीशी. कुणाच्या तरी अंगावर घालशील."

"मग मागे बस आणि सांग."

दादा बसला. का बसला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

"डावीकडे! अरे गाढवा, माझ्या डावीकडे!" गाडी तिसऱ्या गिअरमध्ये उलटी सुसाट निघाली. एक म्हातारबुवा टुणकन उडी मारून पायरीवर चढले. दादाचं नाक काचेला चिकटलं होतं आणि तो चक्क हसत होता. मान वळवून गाडी हाकणाऱ्या खटपट्याला ते हसू काचेत इतक्या जवळून दिसलं की त्याला भरून आलं.

कोपऱ्यावर गाडी थांबली.

"आता पुढे जायला एकच गिअर," खटपट्या म्हणाला. "रांगतच जाईल."

दादाचं हसू गेलं होतं. "बाबांनी मला हिच्या स्टिअरिंगला हात लावू दिला नाही," तो म्हणाला. "एकदासुद्धा नाही. तुला सगळं. मी आपला कायम मागच्या सीटवर."

गाडी दादाच्या डोळ्यांत गॅरेजसाठी खुपत नव्हती तर. खटपट्या उतरला आणि त्याने दार उघडून धरलं.

"ये पुढे."

दादाने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. गाडी मुंगीच्या पावलांनी निघाली. पायी चालणारे तिला मागे टाकून गेले. घरासमोर साखळी हातात घेऊन भंगारवाला उभा होता, शेजारी बायको. दादाने त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"दादा, घर मागे राहिलं," मागच्या सीटवरून खटपट्या म्हणाला.

"गप बस," दादा म्हणाला. "मी चालवतोय."