मेन पाडलाय, भ्याचं काम न्हाय

चंपाबाई मगदुमांनी पर्युषणाचे दहा दिवस मौन धरायचं जाहीर केलं, तेव्हा निपाणीतल्या त्यांच्या गल्लीनं सुटकेचा निःश्वास सोडला. बाईंचा आवाजच तसा. भाजीवाल्याला दारातनं हाक मारली तर पलीकडच्या गल्लीतला भाजीवालासुद्धा वळायचा.

मौन घराला मानवलं. मानवला नाही तो दुसरा नियम. दहा दिवस विजेच्या बटणाला हात लावायचा नाही. विजेतबी जीव असतोय, तो आपल्या बोटानं जन्माला यायला नको आणि मरायलाही नको, असं बाईंनी मौन सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. त्यामुळं दहा दिवस त्या अंधारात आंघोळ करत होत्या. पंखा दुसऱ्या कुणी लावला तर मात्र त्याच्याखाली जाऊन बसायच्या. पाप लावणाऱ्याचं, वारा सगळ्यांचा.

शेवटचा दिवस अनंत चतुर्दशीचा. बाईंचा निर्जळी उपास. पहाटे त्या हॉलमध्ये जपाला बसल्या, आणि समोरच कोपऱ्यात सुनेच्या लॅपटॉपचा चार्जर लावलेला, त्यावर हिरवा ठिपका जळतोय. रात्रभर जळतोय! बटण बंद करायचं तर नियम मोडतो. सुनेला उठवायचं तर मौन मोडतं. बाईंनी दोन्ही नियम सांभाळले. आपल्या काठीची मूठ वायरीत अडकवली आणि झेल्यानं आंबा उतरवावा तसा हिसका दिला.

प्लग आला, पण सगळा आला नाही. एक पिन सॉकेटातच राहिली.

हे सगळं सुनेनं, प्रणितानं, मागाहून जुळवलं. सकाळी तिला दिसला तो नुसता फुटका प्लग, कापलेल्या कोंबड्यागत मान टाकून पडलेला. अशी उपमा त्या घरात, त्या दिवशी मनात आली म्हणून तिनं आधी मनातल्या मनात णमोकार म्हटला. मग बटण चालूच आहे हे दिसलं, आणि पुन्हा एकदा म्हटला.

त्या दिवशी अकराला तिचा इंटरव्ह्यू होता. बेंगळूरची कंपनी, घरी बसून काम, शेवटची फेरी. बेळगावात कॉम्प्युटरचं इंजिनिअरिंग करून ती लग्न होऊन इथं आली, तेव्हापासनं अर्ज करत होती. हा तिचा शेवटचा अर्ज होता. हे तिनं नव्हे, सासऱ्यांनी ठरवलं होतं. पारिसाआण्णांची तंबाखूची वखार. त्यांनी जेवता जेवता फर्मावलं होतं, "ह्यो एक बघ. झालं तर झालं. न्हाय झालं तर पर्व संपलं की वखारीत येऊन बसायचं. शिकल्याली सून घरात आन हिशोबाला परका माणूस, लोक हसत्यात मला." नवरा श्रेयांस कारखान्याच्या कामाला संकेश्वरला असायचा. त्याचं मत फोनवर विचारलं तर म्हणायचा, "आण्णा म्हणत्यात तेबी बरोबर हाय, तू म्हणत्यास तेबी बरोबर हाय." सगळ्याच बाजू खऱ्या मानणारा अनेकान्त जैनाच्या घरात असा उपयोगी पडतो.

प्रणितानं सॉकेटचं बटण बंद केलं. अडकलेल्या पिनेला बोट लावलं नाही. बटण आणि भोकं सगळ्यावर मिळून चिकटपट्टी मारली आणि म्हणाली, "आण्णा, ह्याला कुणीबी हात लावायचा न्हाय. वायरमन आल्यावर काढंल त्यो."

"वायरमन आज कुठला? समदं निपाणी गणपतीम्होरं नाचतंय," पारिसाआण्णा म्हणाले. "आण ती वायर हिकडं. सोलतो आन दुसऱ्या भोकात घालून दोन काडीपेटीच्या काड्या ठोकतो. माझ्या बापानं रेडिओ असाच चालवला जलमभर."

"आण्णा, न्हाय. काड्याबिड्या न्हाय."

"अगं, बाप माझा म्हातारा होऊन मेला, शॉक लागून न्हाय!"

कॉम्प्युटरच्या दुकानदाराला फोन लावला, तर त्यानं फोन ढोलासमोर धरून दाखवला. लॅपटॉपची बॅटरी म्हातारी झालेली. चार्जर काढला की पाव तासात डोळे मिटायची. मोबाईलवर बोलावं तर कंपनीला तिनं स्क्रीनवर काम करून दाखवायचं होतं. शेवटी माळ्यावरच्या डब्यात, गंजलेल्या खिळ्यांच्या खाली, एक नवा तीन पिनांचा टॉप, म्हणजे सुटा प्लग, सापडला, अजून कागदात गुंडाळलेला. प्रणिताला इतका आनंद मंगळसूत्र घालतानाही झाला नव्हता.

तिनं वायर चार्जरपासनं सोडवून घेतली, मगच फुटका प्लग कापला. वायरी बेतानं सोलल्या, तांब्याचा एक केससुद्धा बाहेर राहू दिला नाही. तपकिरी एकीकडं, निळी दुसरीकडं, हिरवी-पिवळी वरच्या जाड पिनेला. स्क्रू आवळले, वायर पट्टीखाली दाबली, ओढून बघितली. मग बेडरूममधल्या सॉकेटात घातली. चार्जरवर हिरवा ठिपका लागला.

बाई दारातनं बघत होत्या. त्यांनी तो ठिपका बघितला आणि डोळे मिटून घेतले. सुनेनं दार लोटलं.

इंटरव्ह्यू घेणारे दोघं होते. एक बाई, चष्म्यातनं हसणाऱ्या. आणि एक गृहस्थ, न हसणारे. सुरुवात चांगली झाली. इतकी चांगली झाली, की प्रणिताला वाटलं आपण उगाच घाबरत होतो.

आणि बाहेर पारिसाआण्णांना चैन पडेना.

सुनेनं बाईमाणूस असून वायर जोडली. मग घरातल्या कर्त्या पुरुषानं निदान एक पिन तरी काढायला नको? त्यांनी यल्लाप्पाला फोन लावला. यल्लाप्पा म्हणजे विहिरीवरच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून देणारा. त्याचं ज्ञान मोटारीपुरतं, पण सल्ला कशावरही. आण्णांना ऐकायला कमी येतं म्हणून फोन नेहमी स्पीकरवर. दाराच्या फटीतनं प्रणिताला दोघंही ऐकू येत होते, मागं ढोलासकट.

"यल्लाप्पा, पिन अडकलीया बघ भोकात!"

"मग वढा की आण्णा!"

"करंट आसंल न्हवं?"

"मेन पाडा आन पकडीनं वढा! मेन पाडल्यावर काय भ्याचं काम न्हाय! बोला, गणपती बाप्पा..."

पुढचं ढोलात बुडालं. पण सल्ला पोहोचला होता. मीटरजवळ खट्ट झालं, आणि प्रणिताच्या लॅपटॉपवरची चार्जिंगची खूण विझली.

ती कॅमेऱ्यासमोर हसत राहिली. वायफाय चालू होतं, समोरची माणसं हलत होती, डोक्यावर पंखा फिरत होता. पाव तास, तिनं मनात म्हटलं. पाव तासात उरकंल.

न हसणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, तुमच्या यंत्रणेचा मुख्य भाग अचानक बंद पडला, तर काय होईल?

प्रणिताला हा प्रश्न पाठ होता. ती बोलू लागली, आणि दार उघडलं. दारात चंपाबाई. पांढरी साडी, दहा दिवसांच्या उपासानं खोल गेलेले डोळे. त्यांनी हात वर करून गोल गोल फिरवला. मग हॉलकडं बोट केलं. मग पुन्हा गोल.

बेंगळूरच्या बाई पडद्यावर पुढं झुकल्या. तुमच्या मागं कुणीतरी आहे, म्हणाल्या.

"माझ्या सासूबाई आहेत. आरतीला बोलावतायत," प्रणिता म्हणाली, आणि पाठीमागं हातानं खूण केली, जा, जा.

चंपाबाई गेल्या नाहीत. आता त्या दोन्ही हातांनी फिरवत होत्या. मधेच थरथरून दाखवत होत्या. लिहून दाखवणंही बोलण्यातच धरायचं, असं त्यांनी स्वतःच ठरवून घेतलेलं. माणूस आपल्यासाठी दार किती घट्ट लावून घेतो!

"तर मुख्य भाग बंद पडला," प्रणिता सांगत होती, "तरी बॅकअप आपोआप सुरू होतो. त्यात खंड पडत नाही. इतकं सहज होतं, की वापरणाऱ्याला कळतही नाही मुख्य भाग बंद आहे म्हणून..."

आणि तिची नजर पंख्याकडं गेली.

मेन पाडलाय. पंखा फिरतोय.

इन्व्हर्टर! जिन्याखाली बसलेला, सहा महिन्यांपूर्वी आणलेला. पंखे, वायफाय आणि हॉलमधलं ते एक सॉकेट त्याच्यावर. ते सॉकेट तिनंच हट्टानं जोडून घेतलं होतं, लाइट गेली तरी अभ्यास थांबू नये म्हणून.

"उत्तम," गृहस्थ म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा ओठ थोडा वर गेला. "आणि या पद्धतीत धोका कुठला?"

बाहेर आण्णांचा आवाज आला, "आगं, काय चिकटपट्टी मारलीया का शिवलंय?" आणि चर्रर्र करून पट्टी निघाल्याचा आवाज. पट्टीबरोबर बटणही खट्कन खाली येऊन चालू झालं.

तिनं उठायला पाहिजे होतं. उठायचंच होतं तिला. पण उत्तर तोंडात होतं, अख्खं, बरोबर, आणि समोर तो माणूस हसायच्या बेतात होता. बाहेर वखार होती, तंबाखूची पोती होती, उरलेला सगळा जन्म होता. प्रणितानं वाक्य पुरं केलं.

"धोका हाच, की मुख्य भाग बंद केला म्हणजे सगळं बंद झालं, असं लोक धरून चालतात."

मग ती धावली.

दारापर्यंत पोचली आणि हॉलमध्ये निळा लोळ उठला. फाडकन आवाज झाला. पकडीचं एक टोक पिनेला, दुसरं शेजारच्या भोकात. पारिसाआण्णा मागं फेकले गेले ते नेमके सोफ्यावर, पाहुण्यानं बसावं तसे. पकड अजून हातात. तोंड उघडं. केस, होते तेवढे, उभे.

आणि दहा दिवस दाबून ठेवलेला चंपाबाईंचा आवाज सुटला.

"इन्व्हर्टर चालू हाय की ओ मुडद्या! पंखा फिरतोय दिसंना व्हय तुम्हाला!"

मिरवणुकीतला ढोल, सांगतात, क्षणभर थांबला.

पंखा थांबला. वायफायचा दिवा गेला. आण्णांनी बोटं हलवून बघितली, सगळी हलली. दोन काळी पडली होती. "मेन पाडलावता मी," ते हळूच म्हणाले, पोरानं आईला सांगावं तसं. "यल्लाप्पा म्हणला..."

चंपाबाई मटकन खाली बसल्या. आपण बोललो, हे त्यांना आत्ता कळलं. संध्याकाळच्या अभिषेकानं मौन सुटायला काही तास उरले असताना, आणि तेही नवऱ्याला मुडदा म्हणून. त्या रडायला लागल्या. आता मौन मोडलंच होतं, तर आवाज काढून रडल्या.

प्रणितानं सासऱ्यांना आधी शेजाऱ्याच्या गाडीवर दवाखान्यात धाडलं. जिन्याखाली जाऊन इन्व्हर्टरचं बटण बंद केलं. मग बेडरूममध्ये आली. लॅपटॉपचा पडदा काळा होता. त्यात तिचं तोंड दिसत होतं.

फोनवरनं तिनं कंपनीला लिहिलं, घरी विजेचा अपघात झाला, पुन्हा वेळ मिळेल का. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, अगदी अदबीनं. तुमचं तांत्रिक ज्ञान चांगलं आहे. मात्र घरून काम करायला लागणारं वातावरण तुमच्याकडं आहे असं आम्हाला वाटत नाही. पुढच्या वाटचालीला शुभेच्छा.

तिनं ते कुणाला वाचून दाखवलं नाही. कुणी विचारलंही नाही. श्रेयांसनं फोनवर विचारलं, पण आण्णांच्या बोटांबद्दल.

त्याच्या पुढच्या दिवशी क्षमावाणी. वर्षभरात ज्याचं जे चुकलं त्याची ज्यानं त्यानं हात जोडून क्षमा मागायची, आणि समोरच्यानं द्यायची. न देण्याची सोय शास्त्रात नाही. बस्तीतनं देवदर्शन करून सगळे हॉलमध्ये जमले. पारिसाआण्णांनी पट्टी बांधलेला हात दुसऱ्या हाताला लावला.

"प्रणिता, उत्तम क्षमा बघ पोरी. माझ्या हातनं तुझं नुकसान झालं."

"उत्तम क्षमा, आण्णा."

चंपाबाई पुढं आल्या. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी आणखी पाच उपास घेतले होते, त्यामुळं आवाज जरा उतरला होता. "माझीच काठी गं ती. क्षमा कर लेकी."

"क्षमा, आक्का."

मग तिनं धीर केला. "आण्णा, अजून एक ठिकाणी अर्ज करू का? हुबळीची कंपनी हाय."

पारिसाआण्णांच्या तोंडावर खरंच वाईट वाटल्यासारखं आलं. "आत्ताच क्षमा झाली न्हवं? मग झाल्यालं उकरून काढायचं न्हाय, पोरी. आजच्या दिशी तरी न्हाय. पाप लागतंय."

प्रणिता वाकली. दोन्ही हात जोडून सासऱ्यांसमोर उभी राहिली.

"माझीबी क्षमा असू द्या, आण्णा."

"तुझी?" ते मोठ्यानं हसले. "तुझं गं काय चुकलं? तू तर पळत आलीस माझ्यापायी, इंटरव्ह्यू टाकून. मी समद्या बस्तीत सांगितलं, अशी सून मिळायला पुण्याई लागती म्हणून."

प्रणितानं जोडलेले हात सोडले नाहीत.

"तरीबी द्या," ती म्हणाली. "मागायची असत्या आज."

"दिली की," आण्णा म्हणाले, आणि डाव्या हातानं स्कूटरची किल्ली शोधायला लागले. वखार उघडायची वेळ झाली होती, आणि बोटं बरी होईतोवर स्कूटर तिलाच चालवायची होती.